ब्लॅकबर्नचे पुणेकर मालक आणि आमचा आखर

इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबचे मालक पुण्याचे आहेत, हे आमच्या गावच्या पोट्ट्यांना सांगितलं की आधी त्यांचा विश्वासच बसत नाही. मग कोणाचा तरी मोबाइल निघतो, शोधाशोध होते आणि 'वेंकीज' हे नाव दिसलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. हे नाव त्यांनी चिकनच्या पाकिटावर पाहिलेलं असतं. नोव्हेंबर 2010 मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज समूहाने 2 कोटी 30 लाख पौंडांना हा क्लब विकत घेतला. क्लब 1875 चा. म्हणजे आमच्या नागपूरची एम्प्रेस मिल सुरू व्हायच्याही दोन वर्षं आधीचा.

फुटबॉलमधल्या परदेशी पैशावर जगभर जो वाद चालतो, तो आपण इथे बसून लांबूनच पाहतो. अरब राजघराणी, रशियन अब्जाधीश, अमेरिकी गुंतवणूकदार, आणि त्यांच्या नावाने बोटं मोडणारे इंग्रज समर्थक. त्यात आपलं काही नाही, असं वाटत राहतं. ब्लॅकबर्नच्या माणसासाठी मात्र तो दूरदेशीचा धनाढ्य मालक म्हणजे आपल्याच राज्यातलं एक घराणं आहे. म्हणून मला या वादात ब्लॅकबर्नच्या दारातूनच शिरावंसं वाटतं. तिथे आपल्याला नुसतं दुसऱ्याला नावं ठेवून सुटता येत नाही.

हा काही पडीक क्लब नव्हता. 1994-95 मध्ये तो प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या साखळी स्पर्धेचा, विजेता होता. त्या विजयामागेही पैसाच होता, पण तो जॅक वॉकर या ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेल्या पोलादाच्या व्यापाऱ्याचा. ज्या संघाचा पोरपणापासून नाद, त्याच संघात त्याने म्हातारपणी तिजोरी रिकामी केली. 2000 मध्ये तो वारला आणि दहा वर्षांनी त्याच्या ट्रस्टने क्लब विकला. नव्या मालकांनी महिन्याभरातच सॅम अ‍ॅलरडाइस या मुरलेल्या व्यवस्थापकाला घरी पाठवलं. मे 2012 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. ज्या सामन्यात ते नक्की झालं, त्यात कोणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. 2017 मध्ये संघ आणखी खाली, तिसऱ्या पातळीवर गेला. प्रीमियर लीग जिंकलेला कोणताही क्लब तोवर इतका खाली गेला नव्हता. पुढच्या वर्षी एक पायरी वर चढला, पण ते जुने दिवस काही आले नाहीत.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. या मालकांनी पैसा आखडता घेतलेला नाही. दर वर्षीचा तोटा भरून काढायला त्यांनी कोट्यवधी पौंड ओतले आहेत आणि क्लब बुडू दिलेला नाही. अलीकडे तर तपास यंत्रणेच्या आक्षेपामुळे हा पैसा भारतातून तिकडे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. विचार करून पाहा. लँकेशर परगण्यातल्या या ब्लॅकबर्नमध्ये त्या हंगामात कोणता खेळाडू घेता येईल हे दिल्लीच्या कोर्टातल्या तारखेवर अवलंबून, आणि शनिवारी सामन्याला जाणाऱ्या माणसाला त्या तारखेबद्दल काही विचारायची सोय नव्हती. तिथल्या समर्थकांचं वर्षानुवर्षं एकच गाऱ्हाणं आहे: मालक येत नाहीत, भेटत नाहीत, बोलत नाहीत. तोटा सोसणाऱ्या मालकावर लोक इतके का चिडतात, हे पुण्यातून कदाचित कळत नसेल. विदर्भातल्या खेड्यातून मला ते चांगलं कळतं.

कारण ब्लॅकबर्नशी आमचं नातं कापसाचं आहे. 1853 मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. हजारो कामगार घरी बसले. मग त्यांच्या कारखानदारांची नजर इकडच्या काळ्या मातीवर खिळली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली ती काही आपल्या यात्रेकरूंच्या सोयीसाठी नव्हे. हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जाऊ लागला. ब्लॅकबर्नचे माग हिंदुस्थानासाठी धोतरं विणायचे, ती बोटीने येऊन इथल्या बाजारात विकली जायची. कापूस आमचा, अंगावरचं धोतर त्यांचं आणि भाव लिव्हरपूलमध्ये ठरणार. वेचणीला वाकलेल्या बाईला तो भाव कोण ठरवतं, का पडतो, कोणाला विचारायचं, यातलं काही माहीत नव्हतं. आजही कापसाचे भाव पडले की आमच्या पारावर हेच बोलणं होतं; फक्त लिव्हरपूलच्या जागी न्यूयॉर्कचं नाव येतं.

या कापसाच्या वाटेवर एक माणूस उलटा चालत गेला होता. सप्टेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेन या गिरणीगावात गेले. त्यांच्या विदेशी कापडावरच्या बहिष्काराने जे बेकार झाले होते, त्याच कामगारांमध्ये. गिरणीतल्या बायांनी त्यांना गराडा घालून जयजयकार केल्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. गांधीजींनी त्यांची कैफियत ऐकून घेतली, सहानुभूती दाखवली आणि हिंदुस्थानातली बेकारी याहून किती खोल आहे तेही स्पष्ट सांगितलं. बहिष्कार काही मागे घेतला नाही. पाच वर्षांनी हाच माणूस आमच्या वर्धेजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आला. मला या प्रसंगात मोठं वाटतं ते एवढंच, की आपल्या निर्णयाने ज्यांच्या चुली विझल्या त्यांच्या दारात जाऊन उभं राहायची त्यांची तयारी होती. फुटबॉलच्या मालकांकडे मी याच मापाने पाहतो.

पैसा परदेशी की देशी, हा प्रश्न मला म्हणूनच दुय्यम वाटतो. आणि पैसा आला म्हणून खेळ बाटला, हेही मला पटत नाही. पैसा पहिल्यापासून आहे. 1883 मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या दुसऱ्याच एका संघाने इटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला 2-1 असं हरवून एफए कप जिंकला. विणकर, सूतकताई करणारे, ओतकाम करणारे असे हातावर पोट असलेले खेळाडू, आणि समोर जमीनदारांची मुलं. कामगारांच्या संघाने तो कप जिंकायची ती पहिलीच वेळ. या संघाच्या मागे गावातल्या एका ओतकामाच्या कारखानदाराचा पैसा होता, त्याच्याच जोरावर खेळाडूंना अंतिम सामन्याआधी काम सोडून सरावाला नेता आलं. खेळण्याचे पैसे घेणं तेव्हा नियमाबाहेर होतं; ते 1885 मध्ये कायदेशीर झालं. ज्याच्या घरी खायला आहे त्यानेच खेळावं, असा तो आधीचा नियम होता. तो मोडला हे बरंच झालं. म्हणून 'पैशाने खेळाचा नाश केला' असं कोणी म्हटलं की मी विचारतो, कोणाच्या खेळाचा?

देशातलाच मालक असला की सगळं ठीक, असंही नाही. बरी नावाचा 1885 चा क्लब इंग्लंडमधल्याच एका माणसाने 2018 मध्ये एका पौंडाला घेतला आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पैशाची हमी देता आली नाही म्हणून तो लीगमधून काढला गेला. उलट लेस्टर या क्लबला थायलंडचे विचाई श्रीवद्धनप्रभा मालक म्हणून लाभले. 2016 मध्ये कोणाच्या स्वप्नातही नसताना लेस्टर प्रीमियर लीग जिंकलं. विचाई सामन्यांना यायचे, गावातल्या मुलांच्या इस्पितळाला देणगी द्यायचे. 2018 मध्ये सामना आटोपून निघालेलं त्यांचं हेलिकॉप्टर मैदानाबाहेर कोसळून ते गेले, तेव्हा सगळं शहर रस्त्यावर येऊन रडलं. परका माणूस आपला झाला होता.

माझा पुतण्या मँचेस्टर सिटीचा भक्त. वर्धेच्या बाजारातून आणलेली आकाशी जर्सी, छातीवर अबुधाबीच्या विमान कंपनीचं नाव. आमच्या आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं गोळा व्हायच्या जागेवर, संध्याकाळी उभं राहिलं की आखाती देशांच्या सगळ्या विमान कंपन्या धावताना दिसतात, आणि त्या पोरांपैकी एकही अजून विमानात बसलेला नाही. त्याला मी सिटीच्या मालकीबद्दल बोलायला लागलो की तो म्हणतो, "काका, मालक कोन हाये त्याच्यानं गोल कमी होते का?"

गोल कमी होत नाहीत, हे खरं आहे. 2008 मध्ये अबुधाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांनी सिटी घेतला, त्याआधी चाळीस वर्षं त्या क्लबने लीग जिंकली नव्हती. 2023 मध्ये त्यांनी एकाच हंगामात तीन मोठे चषक नेले. त्यांचा खेळ मीही रात्री जागून पाहतो आणि खेळ सुंदर असतो. पण त्याच 2023 च्या फेब्रुवारीत प्रीमियर लीगने या क्लबवर आर्थिक नियमभंगाचे शंभराहून अधिक आरोप ठेवले. क्लबने ते नाकारले. आरोपांचा गाभा साधा आहे: प्रायोजकाचा म्हणून दाखवलेला पैसा खरोखर प्रायोजकाचा होता, की मालकाचाच? खेळाडूवर किती खर्च करायचा हे क्लबच्या कमाईवरून ठरतं, आणि प्रायोजक हीसुद्धा कमाईच. मग मालकाच्याच घरातून प्रायोजक आला तर ती कमाई किती खरी मानायची? हे मी पुतण्याला समजावून सांगितलं. तो ऐकून घेतो. जर्सी काही काढत नाही, आणि त्याने ती काढावी असं मलाही वाटत नाही.

मला जास्त अस्वस्थ करतं ते न्यूकॅसल. ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने त्या क्लबचा 80 टक्के हिस्सा घेतला. जमाल खशोगी या पत्रकाराची इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत हत्या होऊन तीनच वर्षं झाली होती. ज्या दिवशी व्यवहार जाहीर झाला त्या दिवशी मैदानाबाहेर हजारो लोक नाचत होते, काही जण डोक्याला अरबी रुमाल गुंडाळून. त्या लोकांना शिव्या देणं सोपं आहे. पण त्यांनी आधीच्या इंग्रज मालकाची चौदा वर्षं काढली होती. त्याने तर मैदानाचं शंभर वर्षांहून जुनं नाव पुसून आपल्या दुकानांचं नाव लावलं होतं. मार्च 2025 मध्ये न्यूकॅसलने लीग कप जिंकला, देशातला मोठा चषक सत्तर वर्षांनी. पहिला गोल केला तो त्याच भागात वाढलेल्या डॅन बर्नने. सत्तर वर्षं वाट पाहिलेल्या म्हाताऱ्याला त्या संध्याकाळी मी काय सांगणार होतो? तरीही माझं मत हेच आहे की कुठल्याही राज्यसत्तेच्या हातात क्लब असू नये. धंदेवाला मालक तोट्याला भितो, बदनामीला भितो, कोर्टाला भितो. राज्याला यातल्या कशाचीच भीती नसते. वर लोकांचं त्या क्लबवरचं प्रेम हीच त्याची ढाल होते, आणि प्रेम करणाऱ्यांना ते वापरलं गेल्याचं कळतही नाही.

आणि असा मालक गेला की काय होतं, ते लंडनच्या चेल्सी क्लबने पाहिलं. रशियन अब्जाधीश रोमान अब्रामोविच 2003 मध्ये मालक म्हणून आले आणि 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर ब्रिटनने त्यांच्यावर निर्बंध लादले. एका सकाळी क्लबचं दुकान बंद, नवीन तिकीट विकायला मनाई, जर्सीवरच्या प्रायोजकाने आपलं नाव काढायला सांगितलेलं. जिंकलेले चषक तेवढे कपाटात होते.

आता आमच्या आखराबद्दल. पुलगावच्या दारूगोळा डेपोत कामाला असलेल्या एका मास्तरांनी कधीकाळी तिथे पोरांना फुटबॉल शिकवला, आणि वेचणीचा जोर ओसरला की जानेवारीत तिथे सामने भरवायची प्रथा पडली. गोलपोस्ट बल्ल्यांचे. आदल्या रात्री चुन्याची फक्की मारायची. दोरी ताणून दोघे उभे, तिसरा वाकून पत्र्याच्या डब्यातून फक्की सोडतोय, आणि पहाटे दव पडून ती रेघ ओली झाली की पुन्हा मारायची. खर्च वर्गणीतून. मंडळाची पावती पुस्तकं माझ्याकडे असतात. ती चाळली की गाव दिसतं: सरपंच 501, किराणावाले 251, शाळेतले सर 200, मधेच 'एक पायली तूर', आणि एका पावतीवर निंदणाला जाणाऱ्या बाईचे 20 रुपये. तिचा मुलगा गोलकीपर होता. ती सामन्याला बाकड्यावर बसायची नाही, गोलपोस्टच्या मागे उभी राहायची. पण पोरांना खायला पोहे कमी पडले तेव्हा पहिला आवाज तिनेच चढवला होता. "आमी पैसे देले ना बा," असं म्हणून.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्याकडे ले-आउटवाल्यांची, म्हणजे प्लॉट पाडून विकणाऱ्यांची, ये-जा वाढली आहे. त्यातला एक जण मागच्या वर्षी मंडळाकडे आला. पाच वर्षं सगळा खर्च माझा, म्हणाला. पहिलं बक्षीस एक लाखाचं, जिल्ह्याबाहेरचे संघ, रात्रीचे लाइट, सगळ्यांना जर्सी. मोबदल्यात सामन्यांना त्याच्या कंपनीचं नाव, जर्सी पिवळ्याऐवजी त्याच्या कंपनीच्या रंगाची, आणि आखराची 'देखभाल' त्याच्याकडे.

बैठक ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झाली आणि रात्री उशिरापर्यंत चालली. तरुण पोट्टे एका बाजूला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "आपून वीस-वीस रुपये जमा करत राहू अन् बाकीचे गावं पुढं जाऊन रायले," एक जण म्हणाला. "पैसा तं पैसा असते. कोन देते त्याले काय करायचं?" त्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग उद्या त्यानं आखरच मांगतला तं?" कोणी बोललं नाही. मग मी त्यांना कार्डिफची गोष्ट सांगितली. मलेशियाचे व्हिन्सेंट टॅन 2010 मध्ये त्या क्लबमध्ये आले आणि 2012 मध्ये निळ्या रंगाचा संघ त्यांनी लाल करून टाकला. लाल रंग शुभ आणि आशियात खपायला बरा म्हणून. संघ वरच्या लीगमध्ये गेला, तरी लोक निळे शर्ट घालून यायचे थांबले नाहीत. शेवटी जानेवारी 2015 मध्ये निळा परत आला. कोलकात्याचीही सांगितली. 1911 मध्ये गोऱ्या पलटणीला हरवणाऱ्या मोहन बागानच्या नावाआधी 2020 मध्ये एका बंद होणाऱ्या क्लबची अक्षरं लागली. समर्थकांनी तीन वर्षं धोशा लावला, तेव्हा 2023 मध्ये ती निघाली. तिथे मालक परदेशी नव्हताच.

पण कार्डिफ आणि कोलकात्याचं ऐकून पोरं वळली असं मी म्हणणार नाही. वळली ती गोलकीपरच्या आईमुळे. ती ओट्याच्या खाली बसली होती. ती म्हणाली, "त्यानं सगळंच देलं तं मंग मी कोनाले भांडू?"

आम्ही जे ठरवलं ते जर्मनीकडून उसनं घेतलेलं होतं. तिथे 1998 पासून क्लबच्या मतांपैकी निम्मी अधिक एक मतं सभासदांकडे राहतील असा नियम आहे. बाहेरचा माणूस पैसा घालू शकतो, पण सभासदांना डावलून निर्णय घेऊ शकत नाही. नियमाला पळवाटा आहेत आणि किंमतही आहे. बायर्न म्युनिकने ओळीने अकरा वर्षं लीग जिंकली, आणि 2024 मध्ये ती साखळी तोडली ती लेव्हरकुझेनने, म्हणजे ज्याला औषध कंपनीच्या मालकीची जुनी सवलत आहे त्याच क्लबने. हे मी बैठकीत लपवलं नाही. तरी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जर्मनीत जे झालं ते मला फार मोठं वाटतं. लीगच्या प्रसारण हक्कांतला वाटा एका गुंतवणूक कंपनीला देऊन सुमारे एक अब्ज युरो उभे करायचं ठरत होतं. समर्थकांनी आठवड्यामागून आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले, आणि लीगला तो व्यवहार सोडून द्यावा लागला. लोकांना विचारावं लागतं ही सवय तिथल्या व्यवस्थेच्या हाडात मुरलेली आहे म्हणून ते शक्य झालं. इंग्लंडमध्येही आता 2025 च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आला आहे. क्लबचं चिन्ह किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर समर्थकांचा कौल पाहावा लागेल.

आमच्या ठराव-वहीत तीन ओळी लिहिल्या. कोणा एकाची देणगी त्या वर्षीच्या एकूण वर्गणीच्या निम्म्यापेक्षा जास्त घ्यायची नाही. जर्सी पिवळीच. आखराबद्दल कोणताही करार मंडळ करणार नाही. ले-आउटवाल्याला निम्म्यापर्यंत देणगी द्यायला आम्ही आनंदाने बोलावलं. तो आला नाही. या जानेवारीत पहिलं बक्षीस एकवीस हजारांचंच राहिलं, लाइट नव्हते, आणि आमचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर दुसऱ्या गावच्या संघाकडून पैशावर खेळायला गेला. त्याला मी दोष देत नाही. त्याचा बाप मजुरीला जातो आणि त्याच्या पायात जे आहे त्याची किंमत त्याला मिळायलाच हवी. ब्लॅकबर्न ऑलिंपिकच्या विणकरांना मी योग्य म्हणत असेन तर त्यालाही म्हणायलाच हवं. त्याच्यासाठी मंडळाला पैसा वाढवावा लागेल, आणि तो कसा वाढवायचा याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. बाहेर गेलेल्या गावकऱ्यांना, नागपूर-पुण्यात नोकरीला असलेल्यांना आम्ही आता वर्गणीसाठी फोन करायला लागलो आहोत. पुष्कळजण देतात.

मोठ्या मालकांचा भरवसा किती धरायचा हे मुंबईनेही पाहिलं. मँचेस्टर सिटीच्याच मालकांचा समूह 2019 मध्ये मुंबई सिटी या क्लबमध्ये आला, 65 टक्के हिस्सा घेतला. पैसा आला, शिस्त आली, प्रशिक्षक आले, संघ दोनदा इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला. मग 2025 मध्ये लीगच्याच करारांचा घोळ झाला, हंगाम वेळेत सुरू होईना, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात समूह आपला हिस्सा सोडून निघून गेला. त्यांनी काही बेकायदा केलं नाही. त्यांच्यासाठी जगात इतर शहरं होती. मुंबईच्या गॅलरीत उभ्या राहणाऱ्या पोराला दुसरं शहर नव्हतं. माझ्या पुतण्याला ही बातमी जिव्हारी लागली. एकाच घराचे दोन संघ म्हणून तो दोघांनाही आपलं मानत होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला म्हणाला, "काका, थे ठराव-वहीतलं बरं केलं आपुन."

आमचं एक काम मात्र राहून गेलं आहे. आखर सरकारदरबारी गुरचरण म्हणून लागलेला आहे. मैदान म्हणून त्याची कुठेच नोंद नाही. मंडळाच्या वहीतल्या ठरावाला बाहेर कोणी विचारणार नाही, आणि महामार्गाच्या इतक्या जवळची मोकळी जागा फार काळ मोकळी राहत नाही. म्हणून येत्या 1 मेच्या ग्रामसभेत आखराचा खेळाचा भाग मैदान म्हणून राखून ठेवण्याचा ठराव मांडायचा आहे, आणि तो मंजूर झाला की वर जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पाठपुरावा करायचा आहे. गुरं चारणाऱ्यांचं काही जाऊ नये म्हणून त्यांची बाजू धरून मसुदा लिहितो आहोत; नाल्याकडची अर्धी जागा त्यांच्यासाठीच राहील. विदर्भात ज्या गावांनी असा ठराव करून नोंद लावून घेतली असेल, त्यांनी आपल्या ठरावाची प्रत आम्हाला पाठवावी. सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. पहिली सही गोलकीपरच्या आईने केली.